शाहू मिलच्या भोंग्यापासून उसाच्या फडापर्यंत

यंदा जानेवारीत ऊस प्रशिक्षणासाठी कोल्हापूरला जाण्याचा योग आला. प्रशिक्षण दोन दिवसांचे, विषय खोडवा व्यवस्थापन. पाचट जाळू नये, सरीत दाबून कुजवावे यावर पुष्कळ चर्चा झाली. ती इथे पुन्हा सांगत नाही. पाचट जाळू नका असे मी गेली पंचवीस वर्षे सांगत आलो आहे आणि आमचे शेतकरी बंधू गेली पंचवीस वर्षे ते जाळत आले आहेत. असो. दुसऱ्या दिवशी दुपारचे वक्ते काही कारणाने येऊ शकले नाहीत आणि आम्ही बारा वाजताच मोकळे झालो. परतीची एस.टी. संध्याकाळची.

माझ्याबरोबर आमच्या भागातला एक तरुण शेतकरी होता. वय पंचवीस, शिक्षण बारावी, दोन एकर ऊस, अर्धा एकर भाजीपाला. अंबाबाईचे दर्शन त्याने पहाटेच घेतले होते, रंकाळाही पाहून झाला होता.

"साहेब, आता काय बघायचं?"

"चल, तुला कामगारांचं कोल्हापूर दाखवतो," मी म्हणालो.

"कामगारांचं? आपण शेतकरी माणसं. आपला त्याच्याशी काय संबंध?"

प्रश्न सरळ होता. मी उत्तर दिले नाही, चालू लागलो.

पहिल्यांदा त्याला कोटितीर्थाजवळच्या शाहू मिलकडे नेले. फाटक बंद. आत दिसतील तेवढ्या जुन्या दगडी इमारती, वाढलेले गवत आणि सगळीकडे शांतता. त्याला त्यात पाहण्यासारखे काही दिसेना. मला मात्र तिथे उभे राहिले की कानात भोंगा वाजतो.

आमचे मूळ गाव तासगाव तालुक्यातले, त्या काळी तरी कोरडवाहू. बाजरी, मटकी आणि पाऊस आला तर शाळू. थोरल्या भावाच्या वाट्याला जमीन आणि धाकट्याच्या वाट्याला शहर, अशी तेव्हा घरोघरी वाटणी होत असे. वडील गावी राहिले आणि चुलते कोल्हापूरला मिलमध्ये लागले. मी कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात शिकत असताना बराच काळ त्यांच्याच खोलीवर काढला. दहा बाय बाराची खोली. पाळी बदलायचा भोंगा झाला की काकू स्टोव्हवर चहाचे आधण ठेवी. आसपासच्या पेठांतले लोकसुद्धा त्या भोंग्यावर घड्याळे लावत.

चुलते साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. शेकडो साचे एकदम चालू असले की शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. त्यामुळे साचेवाले ओठांच्या हालचालीवरून बोलणे ओळखायला शिकतात. घरी आले तरी चुलते मोठ्याने बोलत. नव्या पाहुण्याला वाटे, हे रागावलेत. ते रागावलेले नसत, त्यांचे कान गेलेले असत. धोटा इकडून तिकडे पळतो, धागा तुटला की पटकन जोडायचा, नाही तर कापडात दोष राहतो. आठ तास उभ्याने. "आपल्या रानातलं काम जड, पण वाऱ्यावरचं. इथलं हलकं, पण वारा नाही," असे ते म्हणत.

या मिलची पायाभरणी राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली केली. पूर्ण नाव श्री शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल. त्याआधी १८९५ साली त्यांनी शाहूपुरी पेठ वसवून गुळाच्या व्यापाराला जागा करून दिली होती. शेतमालाला बाजार आणि शेतात न मावणाऱ्या हातांना काम, या दोन्ही गोष्टी हव्यात हे त्या राजाने ओळखले होते. पुढे मिल राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००३ साली बंद पडली. चुलते तोवर निवृत्त झाले होते. २०२२ साली ६ मे रोजी महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे झाली, तेव्हा सगळे कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी उभे राहिले. त्या निमित्ताने याच मिलच्या आवारात कार्यक्रमही झाले. पण चुलते तेव्हा हयात नव्हते.

चुलत्यांना आठवड्याची एक सुट्टी मिळे. त्या सुट्टीला जोडून ते गावी येत, येताना कापडाचे तुकडे आणि राजाराम चौकातला चिवडा आणत. आम्हा पोरांना वाटे, सुट्टी ही पाऊस-उन्हासारखी आपोआप येणारी गोष्ट आहे. ती तशी नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी सुट्टीचा ठराविक दिवसच नव्हता. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम, आणि पगार कधी मिळेल ते मालकाच्या मनावर. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या वतीने निवेदन दिले. मागण्या आज वाचल्या तर हसू येईल, इतक्या साध्या. रविवारी सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास जेवायला सोडा. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत काही मदत द्या. सहा वर्षे खटपट झाल्यावर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. ज्या 'दीनबंधु' पत्रातून लोखंडे हे सारे लिहीत, ते पत्र शेतकऱ्यांच्या हलाखीबद्दलही तितक्याच पोटतिडकीने लिहीत असे. त्यांच्या लेखी शेतकरी आणि कामगार या दोन वेगळ्या जाती नव्हत्या, कारण गिरणीतला कामगार म्हणजे घाटावरून आणि कोकणातून आलेला शेतकऱ्याचाच पोरगा होता.

माझ्या सोबत्याने विचारले, "पण इथं तर राजाचं राज्य होतं. राजाच्या राज्यात मजुराचं कोण ऐकणार?"

त्याला वेठीची गोष्ट सांगितली. आमचे आजोबा सांगत, साहेब फिरतीवर आला की गावातली माणसे कामावरून उठवून नेत. सामान वाहायचे, लाकूडफाटा पुरवायचा, निरोप पोचवायचे आणि संध्याकाळी हात हलवत परत यायचे. मजुरी नाही. पेरणी चालू असली तरी जावे लागे. वतनदारीच्या नावाखाली महार समाजाकडून तर असले काम पिढ्यान्‌पिढ्या घेतले गेले. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या राज्यात बलुतेदारीची सक्ती आणि महार वतने रद्द केली आणि १९२० च्या सुमारास वेठबिगारीही हुकमाने बंद केली. १९१८ सालीच मुंबईला परळच्या सभेत त्यांनी कामगारांना विलायतेतल्या मजूर संघांसारखे आपले संघ काढा, असा सल्ला दिला होता. देशातली पहिली मोठी कामगार महासभा, आयटक, त्यानंतर दोन वर्षांनी स्थापन झाली आणि संघ काढण्याला कायद्याचा आधार मिळाला तो १९२६ साली. राजानेच संघ काढा म्हणावे, ही गोष्ट तेव्हा तरी नवलाचीच. वेठ गेली, पण भाषेत राहिली. 'वेठीस धरणे' आपण अजून म्हणतो, आणि गंमत अशी की बहुतेक वेळा ते संपकऱ्यांबद्दलच म्हणतो.

तिथून चालत बिंदू चौकात आलो. वाटेत त्याला 'सावकारी पाश'ची हकीकत सांगितली. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२५ साली काढलेला हा मूकपट. सावकाराच्या कर्जात जमीन गेलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो, असा त्याचा विषय. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. देवादिकांच्या चित्रपटांचा तो काळ. त्या काळात या गावातल्या माणसाला पडद्यावर शेतकरी आणावासा वाटला!

बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे अर्धपुतळे आहेत. ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे डॉ. आंबेडकर हयात असतानाच, ते बसवले गेले. त्यासाठी पुढाकार होता भाई माधवराव बागल यांचा. बागल हे चित्रकार, लेखक आणि कोल्हापूर संस्थानातल्या प्रजा परिषदेचे पुढारी. शेतसारा कमी व्हावा म्हणून त्यांनी शेतकऱ्यांना संघटित केले आणि तुरुंगही भोगला. डॉ. आंबेडकरांना आपण राज्यघटनेसाठी ओळखतो, पण १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ ची आहे. माझ्या चुलत्याची आठ तासांची पाळी आणि त्यानंतरचा माझ्याशी चाललेला पत्त्यांचा डाव, दोन्ही तिथून आले.

याच चौकात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्या पक्षाचे कार्यालय आहे. पानसरे मूळचे नगर जिल्ह्यातल्या कोल्हारचे. शिकायला कोल्हापुरात आले, वर्तमानपत्रे विकली, पडेल ते काम केले, वकील झाले आणि जन्मभर कामगारांचे खटले चालवले. विद्यार्थ्यांना कामगार कायदाही शिकवला. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून परत येताना घराजवळ त्यांच्यावर आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. २० फेब्रुवारीला पानसरे गेले. त्यांचे राजकारण सर्वांना पटत होते असे नाही. मलाही सगळे पटत नसे. पण मोलकरणी, हमाल, फेरीवाले अशा ज्यांच्याकडे वकिलाची फी नसते त्यांना या शहरात एक जिना चढून जाता येत असे, हे मी पाहिले आहे.

पानसऱ्यांसारख्या वकिलांनी ज्या कायद्यांवर हयात घालवली त्या २९ कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. १९२६ चा कामगार संघांचा कायदा, १९४८ चा किमान वेतनाचा कायदा, १९७६ चा समान वेतनाचा कायदा, सारे त्यांत आले. त्यावर कामगार संघटनांचे आणि सरकारचे मतभेद आहेत, त्या वादात मी पडत नाही. गावापुरते बोलायचे तर जुना कायदा बांधावर पोचायच्या आतच नवा आला.

मग रिक्षा करून मार्केट यार्डात गेलो. वाचकहो, गुळाचा हंगाम पाहायचा तर जानेवारीत कोल्हापूरच्या यार्डात जावे. वास नाकातून डोक्यात जातो. सौदे उरकले होते, माल गाडीत भरणे चालू होते. एका अडत दुकानाच्या कट्ट्यावर डोक्याला टॉवेल गुंडाळून एक वयस्क हमाल बिडी ओढत बसले होते. मी म्हणालो, "बाबा, किती वर्षं झाली या कामाला?"

"चाळीस सालं झाली बगा. आलो तवा मिसरूड फुटलं नव्हतं."

"काम तेवढंच आहे का अजून?"

"वझं तेवढंच हाय, साहेब, रूप बदललं. पयला तीस किलुचा रवा असायचा. आता किलुकिलुच्या ढेपा करून खोक्यात भरत्यात. खोकं धरायला गावत न्हाई, हात निसटतो. आन् पोतं? शंभर किलुचं पोतं पाठीवर घेतलंय आमी. आता पन्नासचं आलं, पर माझी पाठ आदीच गेली न्हवं."

जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच एका माणसाने ५५ किलोपेक्षा जास्त ओझे उचलू नये अशी शिफारस केली होती. पोत्याने ती ऐकायला किती वर्षे घेतली, ते या बाबांच्या पाठीला विचारावे.

माथाडी कायदा मात्र त्यांना पाठ होता. महाराष्ट्राने हा कायदा १९६९ साली केला. मुंबईच्या बाजारपेठेत अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना एकत्र आणले त्याचे हे फळ. यातली युक्ती शेतकऱ्याने समजून घेण्यासारखी आहे. हमालाचा एक मालक नसतो, आज या दुकानात तर उद्या त्या. मग फंड कोण भरणार आणि जखम झाली तर जबाबदारी कोणाची? कायद्याने यावर असा तोडगा काढला की कामगार, व्यापारी आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी असलेले मंडळ नेमायचे, हमालाने आणि दुकानदाराने त्यात नोंद करायची, दुकानदाराने मजुरी आणि वर ठराविक लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी द्यायची. मालक बदलला तरी हमालाचा हिशेब एका वहीत राहतो. त्या काळी असंघटित मजुरासाठी अशी सोय देशात दुसरीकडे नव्हती.

"पोरीचं लगीन फंडावर केलं," बाबा म्हणाले. मग बिडी विझवत, "पर ह्यो गूळ करतोय त्यो? गुळव्या, चुलवाणावर जळण घालणारा, त्येचं नाव कुठल्या वहीत हाय?"

माझा सोबती एकदम वर बघू लागला. त्याच्या मामांचे गुऱ्हाळ आहे. रात्री-अपरात्री काहिलीपुढे उभे राहणारी माणसे, घाण्यात ऊस सरकवणारे हात, हे सगळे त्याने लहानपणापासून पाहिलेले. त्यातल्या कुणाचे नाव कुठल्याही वहीत नाही. उचल दिलेली असते तेवढीच काय ती मामांच्या वहीत.

संध्याकाळी सांगलीच्या गाडीत बसलो. शिरोली ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस लागला. हातकणंगल्यापाशी इचलकरंजीचा रस्ता फुटतो, तिथे तो म्हणाला, "माझा चुलतभाऊ इचलकरंजीला मागावर हाय. बारा तासाची पाळी."

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ च्या सुमारास आला. तिथल्या कामगाराची मजुरी पिकावर ठरते. हे पीक आपले नव्हे. कापडात आडवा धागा किती दाट आहे त्याच्या मापाला तिकडे पीक म्हणतात. धागा जितका दाट, तितके मीटर विणायला जास्त वेळ, म्हणून मीटरला दर पिकाप्रमाणे. माग बंद पडला, वीज गेली, सूत वाईट आले तर मीटर होत नाही आणि मजुरीही होत नाही. २०१३ साली तिथल्या यंत्रमाग कामगारांनी मजुरीवाढीसाठी मोठा संप केला, २०१५ साली सायझिंग कामगारांनी. कारखान्यातले आठ तास यंत्रमागापर्यंत अजून नीट पोचलेले नाहीत.

पुढे जयसिंगपूर आले. तिथे तो जरा खुलला. दर हंगामाआधी भरणाऱ्या ऊस परिषदेला तो जात असतो. दरासाठी ट्रॅक्टर अडवलेत, काठ्याही खाल्ल्यात. "उसाचं बिल चौदा दिवसांत द्यायचा कायदा हाय, साहेब. १९६६ चा. तरी दरसाल भांडावं लागतं."

"लोखंड्यांनी काय मागितलं होतं?" मी विचारले.

तो थोडा थांबला. "पगार पंधरा तारखेच्या आत," म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

आता इथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. तीही मी त्याला गाडीतच सांगितली.

मी लहान असताना आमच्या गावाला एकामागून एक वाईट वर्षे आली. आई रोजगार हमीच्या कामावर जाई. खडी फोडणे, नालाबंडिंग, पाझर तलावाची माती वाहणे. ही योजना आमच्याच मुलखातली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात विसापूरला १९६५ साली तिचा पहिला प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, न दिल्यास भत्ता. पैसा उभा करायला शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. चुलत्यांच्या पगाराच्या चिठ्ठीत तो कापलेला असे आणि ते दर महिन्याला कुरकुरत. एकदा माझे वडील त्यांना म्हणाले, "अरे, तुझे कापलेले पैसे वहिनीच्या हातात पडतात." तेव्हापासून कुरकुर थांबली.

आईला त्या कामाचा अभिमान होता, आणि तो पैशापुरता नव्हता. हमीच्या कामावर माप घेऊन मजुरी देत. जितकी खडी तितके पैसे, गडी असो वा बाई. "सरकारच्या खडीवर मी तुझ्या बाबांच्या बरोबरीची," असे ती सांगे. गावातल्या बागायतदाराच्या मळ्यात मात्र तिला गड्यापेक्षा कमीच मिळे.

पुढे मी पदवी घेऊन नोकरीला लागलो. १९९६-९७ ची गोष्ट. भुईमुगाचा प्रात्यक्षिक प्लॉट होता. उत्पादन खर्चाचा छापील तक्ता भरायचा होता. त्यात दोन रकाने होते, पुरुष मजूर आणि स्त्री मजूर. पुरुष ४० रुपये, स्त्री २५ रुपये, असे मी भरत गेलो. गावात चालू असलेला दर तोच होता. शेवटच्या दिवशी शेंगा तोडणाऱ्या बायकांसमोर तक्ता वाचून दाखवला. त्यातली एक म्हातारी मावशी म्हणाली, "साहेब, बाईचा दिवस ल्हान असतोय व्हय?"

बायका हसल्या. मीही हसलो. कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि मोटारसायकलला किक मारली. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा तेव्हा वीस वर्षांचा झाला होता. त्या बायका सकाळी आठ ते पाच कमरेत वाकून होत्या, गडी मात्र अकराला चहाला आणि तीनला तंबाखूला उठत होते. हे मी पाहिले होते. तरी पुढची कित्येक वर्षे तो तक्ता मी तसाच भरत राहिलो. खर्च कमी दिसला की नफा जास्त दिसतो आणि नफा जास्त दिसला की प्रात्यक्षिक यशस्वी ठरते. आईला मी हे कधी सांगितले नाही.

त्याच्या गावच्या फाट्यावर दोघेही उतरलो. त्याची मोटारसायकल तिथे होती, मला पुढच्या गाडीपर्यंत वेळ होता. फाट्यालगतच्या फडात तोडणी चालू होती. अंधार पडला होता, ट्रॅक्टरच्या दिव्यात मोळ्या भरणे चालले होते. बीडकडची टोळी. बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढत होती, नवरा वर रचत होता. बांधाला पाचटावर दोन पोरे गोधडीत झोपली होती.

तिथे उभ्या उभ्या आम्ही हिशेब मांडला. ही माझी जुनी खोड. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, टनाला २७३ चे ३६६ रुपये झाले. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो, मोळ्या बांधतो, भरतो. म्हणजे दोघांचे मिळून साधारण साडेपाचशे ते सव्वासातशे, माणशी पावणेतीनशे ते साडेतीनशे-पावणेचारशे. त्यासाठी पहाटे चारला उठायचे आणि गाडी येईल त्या वेळेला रात्रीही भरायचे. मुकादमाचे कमिशन कारखाना वेगळे देतो, पण उचल मुकादमाकडून घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत कोयता त्याचा. या मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ झाले आहे, कारखान्यांनी टनामागे त्यात पैसे भरायचे आहेत. हमालाच्या वहीसारखी वही अजून हातात आलेली नाही.

"आणि आमच्याकडनं खुशाली मागतात ती?" त्याने विचारले. स्वर जरा तिखट होता. त्याचा ऊस अजून उभा होता, तुरा आला होता, वजन घटत होते. एकरी काही हजार दिल्याशिवाय टोळी फडात शिरत नाही, हा त्याचा गेल्या दोन वर्षांचा अनुभव. त्याचेही खोटे नाही. कारखान्याकडून दर कमी आणि वेळेवर नाही म्हणून तो भांडतो, टोळी त्याच्याकडे हात पसरते, आणि टोळीतली बाई रात्री आठ वाजता फळीवर चढते.

तो बराच वेळ तिच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "साहेब, आमच्याकडं भांगलणीला बायकांना तीनशे. गड्याला पाचशे."

मी म्हणालो, "मला माहीत आहे."

माझी गाडी आली. तो गावाकडे गेला.

परवा त्याचा फोन आला. ऊस तुटला, टनेज बरे पडले, खुशालीही द्यावी लागली. खोडव्यात पाचट ठेवले आहे म्हणाला, ऐकून बरे वाटले. मग म्हणाला, "घरात जरा वाजलंय. मी म्हटलं औंदा भांगलणीला बायांना गड्याइतकीच मजुरी द्यायची. आबा म्हणतात, तू दर वाढवून ठेवशील आन् सगळा गाव आपल्या नावानं बोटं मोडंल. शेतीत उरतंय किती आधीच. तुमी आबांशी बोला की."

येत्या सोमवारी त्यांच्याच रानात खोडव्याचे प्रात्यक्षिक आहे. तक्ता नवा छापून आला आहे. त्यात अजूनही दोन रकाने आहेत. आबा असतील, भांगलणीच्या बायकाही असतील.